कुत्रीचा कान सारखा वाहतो, औषध थांबलं की पुन्हा तेच

ओटीवरची | २ जुलै

नमस्कार. आमची चिंगी कॉकर स्पॅनियल आहे, पाच वर्षांची. आम्ही चिपळूणला राहतो. ती दोन वर्षांची असल्यापासून तिचा डावा कान वाहतोय आणि गेल्या वर्षीपासून उजवाही वाहायला लागलाय.

दर वेळी सुरुवात सारखीच. आधी डोकं झटकते. रात्री दोन वाजता कान फडफडवल्याचा पटपट आवाज माजघरापर्यंत येतो. मग मागच्या पायाने खाजवायला लागते आणि खाजवता खाजवता कण्हते. दोन दिवसांत वास सुटतो, इडलीचं पीठ जास्त आंबलं की येतो तसा. डॉक्टरांकडे नेतो, ते थेंब देतात, आठवड्याभरात वास जातो, आम्ही थेंब बंद करतो. दोन-तीन महिन्यांनी पहिले पाढे पंचावन्न. काल जुन्या चिठ्ठ्या काढून मोजलं, तीन वर्षांत अकरा वेळा हे झालंय.

काल थेंब घालायला पाळी वर केली, तर आयुष्यात पहिल्यांदा तिने माझ्यावर दात काढले. चावली नाही, पण हात झटकला आणि पलंगाखाली जाऊन बसली. टॉर्च मारून पाहिलं तर कानाची वाट पार बुजत आलीये. आतली कातडी जाड, लालभडक, बारीक गड्डे आल्यासारखी. मला रात्रभर झोप नाही. कुणी यातून बाहेर पडलंय का? नक्की काय केलंत?

रानमोगरा | २ जुलै

ताई, वाचून जीव कळवळला. आमच्या लॅब्रॅडॉरचं दोन वर्षं हेच चाललं होतं. आमच्याकडे कारण पाण्याचं निघालं. दर रविवारी मुळशीला नेऊन पोहायला सोडायचो आणि अंग पुसायचो, कान नाही.

आमची चूक सांगते, म्हणजे तुम्ही करणार नाही. कान स्वच्छ हवा म्हणून मी रोज इअरबड घालून साफ करायचे. बडवर मळ यायचा, वाटायचं निघतोय. प्रत्यक्षात जेवढा बाहेर यायचा त्याच्या दुप्पट मी आत ढकलत होते, आणि रोजच्या घासण्याने कातडी सोलवटली ती वेगळीच. बड पूर्ण बंद करा.

गुरांचा_डॉक्टर | ३ जुलै

मी सातारा जिल्ह्यात पशुवैद्य आहे. कुत्रीला न तपासता औषध सांगणार नाही, ते योग्यही नाही. पण काही प्रश्न विचारतो, त्यांची उत्तरं घेऊनच डॉक्टरांकडे जा.

१. अकरा वेळा थेंब घातले, त्यांतल्या किती वेळा कानातला मळ काचेच्या पट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला?
२. कानाचा पडदा शाबूत आहे की नाही हे कुणी कान तपासायच्या दुर्बिणीने पाहिलं का?
३. चिंगी पंजे चाटते का? पंजावरचे केस तांबूस झालेत का? पोटाला, काखेत लाली?
४. लहानपणापासून काय खाते?
५. अंगठा आणि बोटाने कानाचं मूळ दाबलं तर आत मऊ लागतं की दगडासारखं?

हे का विचारतोय ते सांगतो. आपल्या कानाची वाट सरळ आत जाते, कुत्र्याची तशी नसते. आधी खाली उतरते, मग काटकोनात वळून पडद्याकडे जाते. त्यामुळे पाणी, मळ, घामासारखी ओल, सगळं त्या वळणावर साचतं. कॉकरचे कान लोंबते, आतून केसाळ, आणि मळ तयार करणाऱ्या ग्रंथीही जास्त. वर कोकणातला पाऊस. बुरशीला आणखी काय हवं?

पण कान लोंबता आहे म्हणून कान वाहत नाही. लोंबत्या कानाची कितीतरी कुत्री आयुष्यभर ठणठणीत असतात. बुरशी आणि जंतू निरोगी कानातही थोडे असतातच. कातडी सुजली, ओलावली की त्यांचं फावतं. कातडी कशाने सुजते ते शोधायचं. दोन्ही कान आणि पुन्हा पुन्हा म्हटलं की माझ्या मनात पहिला संशय ॲलर्जीचा येतो. कानाची आतली बाजू म्हणजे कातडीच, अंगावरच्या कातडीचाच पुढे आत गेलेला भाग. पंजे चाटणं आणि कान वाहणं हे बहुतेकदा एकाच दुखण्याचं असतं.

ओटीवरची | ३ जुलै

डॉक्टर, मनापासून आभार. उत्तरं देते. एकदाही काचपट्टी नाही. दुर्बीण एकदा, पहिल्या वर्षी. पंजे हो, संध्याकाळी तासभर चाटत बसते, आम्हाला वाटायचं सवय आहे. पुढचे दोन्ही पंजे बोटांमध्ये तांबूस आहेत. खाणं म्हणजे चिकन-भात, कधी मासे, कधी दही-पोळी. कानाचं मूळ डावीकडे टणक लागतंय, उजवीकडे मऊ.

शेवंती | ३ जुलै

आमच्याकडे आजी खोबरेल तेलात लसूण कडकडवून कोमट करून दोन थेंब घालायची, माणसांच्याही आणि कुत्र्यांच्याही. ठणका लगेच थांबायचा. रसायनांपेक्षा हे बरं नाही का?

गुरांचा_डॉक्टर | ३ जुलै

शेवंतीताई, तुमच्या आजींनी ते मायेनेच केलं. पण कृपा करून कुत्र्याच्या कानात तेल घालू नका, लसणाचं तर नकोच. कोमट तेलाने घटकाभर बरं वाटेलही, पण तेल बाहेर येत नाही. मळ चिकट होतो, ओल आत कोंडते. आणि पडदा फाटलेला असेल तर तेल थेट मधल्या कानात. आजींच्या हाताला कोमट वाटलेलं तेल सोलवटलेल्या कातडीला भाजू शकतं. लसूण कुत्र्याच्या पोटात गेला तरी रक्तातल्या तांबड्या पेशींना घातक, आणि कानातलं पंजाने पुसून ते चाटणारच. व्हिनेगर, हायड्रोजन पेरॉक्साइड, टी ट्री तेल यांनाही माझा तितकाच ठाम नकार.

गेल्या वेळचे उरलेले थेंबही तसेच घालायचे नाहीत. पडदा फाटलेला असताना जेंटामायसिनसारखं प्रतिजैविक औषध आतल्या कानापर्यंत गेलं तर ऐकू येणं जाऊ शकतं, तोल जाऊ शकतो. मान एका बाजूला कलली, चालताना भेलकांडत असेल, एका बाजूचा ओठ किंवा पापणी लोंबत असेल, तोंड उघडताना केकाटत असेल, तर थेंब बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दाखवा.

माणदेशी | ४ जुलै

विषय थोडा वेगळा, पण कानाचाच आहे म्हणून लिहितो. आमच्या दहिवडी भागात दिवाळीनंतर माळावरचं गवत वाळलं की कुसळं सुटतात. मेंढरांच्या मागे फिरणाऱ्या कुत्र्यांच्या अंगात, बोटांत, नाकात, कानात घुसतात. आमचा वाघ्या सकाळी चांगला गेला आणि दुपारी आला तो एकाच बाजूला मान टाकून. उजवा कान जमिनीवर घासत गोल गोल फिरत होता. वास नाही, पू नाही.

घरचे म्हणाले बघू उद्या. मी ऐकलं नाही, मोटरसायकलवर पोत्यात बसवून तालुक्याला नेला. डॉक्टरांनी भूल देऊन लांब चिमट्याने बोटाच्या पेराएवढं कुसळ काढलं. टोक पडद्याला टेकलं होतं म्हणाले. कुसळाला उलटे बारीक केस असतात, ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. आता हंगामात रोज संध्याकाळी वाघ्याला मांडीवर घेऊन आधी कान, मग बोटांच्या बेचक्या बघतो. पाच मिनिटं लागतात.

गुरांचा_डॉक्टर | ४ जुलै

माणदेशी, शाबास. अचानक, एकाच कानात आणि बाहेरून फिरून आल्यावर त्रास सुरू झाला तर आत काहीतरी घुसलंय असंच धरून चालायचं. थेंब टाकून वाट बघायची नाही.

कोपऱ्यावरचा | ६ जुलै

मी मुंबईत गल्लीतल्या आठ कुत्र्यांना आणि चार मांजरांना खायला घालतो. आमच्या देशी कुत्र्यांचे कान उभे, वारा लागतो, त्यामुळे बुरशीचा त्रास कमी. पण गोचीड कानाच्या आतल्या घडीत झुंबराच्या झुंबर लटकलेल्या असतात. आणि एका पिल्लाच्या कानात चहाच्या चोथ्यासारखी काळी, कोरडी पूड होती. कानातला किडा म्हणतात तो हाच का? त्याला औषध केलं, बरं झालं, महिन्यात पुन्हा.

गुरांचा_डॉक्टर | ६ जुलै

बहुतेक तोच. दिसायला पांढरा, टाचणीच्या टोकाहून लहान, काळ्या मळात हलताना दिसतो. पिल्लांमध्ये फार. पुन्हा का होतो? कारण तो एका कुत्र्यापुरता राहत नाही. तुमची मांजरं, विशेषतः त्यांची पिल्लं, त्यांच्या कानातही असणार. सगळ्यांना एकाच वेळी औषध द्यायला हवं. अंड्यापासून मोठा किडा व्हायला साधारण तीन आठवडे लागतात, म्हणून आठवड्याभरात औषध सोडलं की राहिलेली अंडी फुटून पुन्हा सुरू. गोचीड-पिसवांसाठी महिन्याला द्यायच्या हल्लीच्या काही गोळ्या आणि मानेवर टाकायचे काही थेंब या किड्यावरही चालतात. कुत्र्यासाठीचं औषध मांजराला मात्र अजिबात टाकू नका, कुत्र्यांच्या काही थेंबांतलं परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजराचा जीव घेतं.

खर्चाचा प्रश्न असेल तर परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाची आठवण ठेवा. शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथेही पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत.

ओटीवरची | ११ जुलै

काल पहाटे निघून कुंभार्ली घाट चढून साताऱ्याला एका दवाखान्यात चिंगीला दाखवलं. सविस्तर लिहिते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

डॉक्टरांनी आधी औषधाला हातच लावला नाही. दोन्ही कानांतून कापसाच्या काडीवर मळ घेतला, दोन वेगळ्या काचपट्ट्यांवर फिरवला, निळा-जांभळा रंग दिला आणि दहा मिनिटांत मला बोलावून सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. उजव्या कानात भुईमुगाच्या शेंगांसारखे, मध्ये खाच असलेले जांभळे ठिपके. ती बुरशी, मॅलॅसेझिया. डाव्या कानात बुरशी होतीच, शिवाय काड्यांसारखे जंतू. एकाच कुत्रीच्या दोन कानांत दोन वेगळी दुखणी, आणि आम्ही तीन वर्षं दोन्हीकडे एकाच बाटलीतले थेंब घालत होतो.

काड्या दिसल्या म्हणून डाव्या कानातला नमुना कल्चरला पाठवला, कुठलं औषध लागू पडतं ते पाहायला. वाट इतकी सुजली होती की दुर्बीण आतच जाईना. म्हणून सूज उतरायला पोटात स्टेरॉइडच्या गोळ्या, हळूहळू कमी करायच्या. भूक आणि तहान वाढेल, शू जास्त होईल, घाबरू नका म्हणाले. खरंच, रात्रीत दोनदा बाहेर न्यावं लागतंय.

ओटीवरची | १८ जुलै

कल्चरचा अहवाल आला. स्यूडोमोनास नावाचा जंतू. आजवर वापरलेल्या दोन्ही थेंबांना दाद न देणारा. सूज उतरल्यावर भूल देऊन कान आतून धुतला. पडदा शाबूत आहे, हे ऐकून दवाखान्यातच रडू आलं.

आता रोजचं काम: ट्रिस-ईडीटीए (जंतूंवर औषधाचा परिणाम वाढवणारं रसायन) असलेल्या द्रावणाने कान धुवायचा, थोडा वेळ थांबायचं, मग अहवालाप्रमाणे दिलेले थेंब. धुवायची रीत त्यांनी माझ्या हाताला हात लावून शिकवली. पाळी हलकेच वर धरायची, बाटलीचं टोक कानाला न लावता द्रावण भरपूर ओतायचं, वाट भरेपर्यंत. पाळी सोडायची. गालाच्या मागे, जबड्याच्या वर कानाची नळी हाताला लागते, ती दोन बोटांत धरून अर्धा मिनिट चोळायची. आतून पचपच आवाज आला पाहिजे. मग सोडून द्यायचं आणि मागे सरकायचं, कारण ती डोकं झटकणार. खालचा मळ त्या झटकण्यानेच वर येतो. वर आलेला फक्त कापसाने टिपायचा, बोट जातं तेवढंच आत. बाटली आधी मुठीत धरून कोमट करते, गार द्रावणाने ती दचकते.

रानमोगरा | १८ जुलै

पडदा शाबूत आहे हे वाचून किती बरं वाटलं! एक लक्ष ठेवा. फार झटकल्याने आमच्याकडे पाळीच फुगली होती, पोळी टम्म फुगते तशी, आत रक्त साकळून. तसं दिसलं तर टोचू-दाबू नका, लगेच दाखवा.

ओटीवरची | २ ऑगस्ट

आज फेरतपासणी. धुवायला लागून दहाव्या दिवशीच वास गेला होता. चिंगी खेळायला लागली, पाळी वर केली तर शेपूट हलवते. दर वेळी आम्ही थेंब बंद करायचो ते अगदी या टप्प्यावर.

आज पुन्हा काचपट्टी केली. उजवा कान साफ. डाव्यात अजून काड्या आहेत! कान बाहेरून गुलाबी, वास नाही, खाज नाही, आणि आत जंतू जिवंत. म्हणजे अकराच्या अकरा वेळा आम्ही दुखणं अर्ध्यावर सोडलं होतं. ते परत येत नव्हतं, गेलेलंच नव्हतं. हे कुणीतरी तीन वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं, एवढंच मनात आलं.

ओटीवरची | २४ ऑगस्ट

पाचव्या आठवड्यात डावा कानही साफ. पट्टीवर काहीच नाही. आता मूळ कारणाचा शोध: आठ आठवडे तिने आजवर न खाल्लेलंच खाणं, दुसरं काहीही नाही. चिंगीने मटण कधी खाल्लं नव्हतं, म्हणून बोकडाचं मटण आणि उकडलेलं रताळं. मीठ, कांदा, लसूण काही नाही.

गुरांचा_डॉक्टर | २५ ऑगस्ट

अगदी बरोबर दिशेने चाललात. जंताच्या, गोचिडीच्या चवदार गोळ्यांतही मांसाचा अंश असतो, बिनचवीच्या मागून घ्या. आणि हे खाणं परीक्षेपुरतं, यात कॅल्शियमपासून बरंच कमी पडतं. पुढे तेच ठेवायचं असेल तर आहार डॉक्टरांकडून जुळवून घ्या. रक्त किंवा लाळेवरून अन्नाची ॲलर्जी सांगणाऱ्या तपासण्या विकल्या जातात, त्यावर पैसे घालवू नका. भरवशाचं असं हेच, पथ्य करून बघणं.

ओटीवरची | १६ सप्टेंबर

तिसऱ्या आठवड्यात पंजे चाटणं कमी झालं होतं, ते अचानक वाढलं. शोधता शोधता कळलं, सासरे रोज संध्याकाळी चहात बुडवून बिस्किटाचा एक तुकडा देत होते. अण्णांना रागावता येईना. तीन वर्षं रोज पाच वाजता ती त्यांच्या खुर्चीशी येऊन बसते. त्यांना बसवून काचपट्टीचा मोबाइलवर काढलेला फोटो दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. दुसऱ्या दिवशीपासून त्यांच्या खिशात वाळवलेल्या रताळ्याचे काप. डॉक्टर म्हणाले, आठवडे पहिल्यापासून मोजा.

ओटीवरची | २० डिसेंबर

आठ आठवडे पूर्ण झाले, कान दोन्ही साफ. मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून मुद्दाम चिकन पुन्हा सुरू केलं. पाचव्या दिवशी दोन्ही कान आतून लाल, रात्री पटपट आवाज. चिकन बंद, आठवड्यात शांत. पोळी आणि अंडं नंतर एकेक करून दिलं, काही झालं नाही. घराघरांत कुत्र्याला पहिलं चिकनच घालतात, आम्हीही प्रेमानेच घातलं.

पंजे मात्र अजून थोडे चाटते. डॉक्टरांच्या मते पावसाळ्यातली बुरशी, धुळीतले किडे यांचीही ॲलर्जी असावी. पुढच्या पावसात त्रास वाढला तर खाज थांबवणारी ऑक्लासिटिनिब नावाची गोळी आहे, तिचा विचार करू म्हणाले.

गुरांचा_डॉक्टर | २१ डिसेंबर

दोन ॲलर्जी एकत्र असणं नवीन नाही. एक काढली की दुसरीचा भार कुत्र्याला पेलतो. ज्यांच्याकडे उशीर झालाय त्यांच्यासाठी एक सांगतो. वर्षानुवर्षं सुजून कानाची नळी हाडासारखी कडक झाली की थेंब आत पोचतच नाहीत. मग पूर्ण नळी काढायची मोठी शस्त्रक्रिया उरते. कॉकरमध्ये ही वेळ जास्त येते. चिंगीचा डावा कान त्या वाटेवर होता.

ओटीवरची | २८ जून

पाऊस सुरू झाला म्हणून कळवते. पाऊस पडायच्या आधीच जाऊन पट्टी करून आलो, दोन्ही कान साफ. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा, एरवी पंधरा दिवसांनी धुते, रोज नाही. पाळीच्या आतले केस कात्रीने बारीक ठेवते, नळीतले उपटत नाही. सात महिन्यांत एकदाही कान वाहिला नाही. काल रात्री दोनला जाग आली ती सवयीने. घरात आवाज फक्त पागोळ्यांचा होता.

शेवंती | २९ जून

ताई, डोळ्यांत पाणी आलं. तेल बंद केलंय बरं का. एक विचारायचं होतं, आमच्या कॉकरचे कान जेवताना पातेल्यात बुडतात, दर वेळी ओले होतात. काय करता?

ओटीवरची | २९ जून

उंच आणि तोंडाला अरुंद भांडं घ्या, पाण्यालाही तसंच. आणि जुन्या लेगिंगच्या पायाचा वीतभर तुकडा कापून जेवताना डोक्यावरून चढवा, कान आत राहतात. गळ्याला दोन बोटं सहज जातील इतका सैल हवा. जेवण झालं की लगेच काढा, विसरू नका, नाहीतर आत घामेजतं.